हाताने भरलेली काडतुसं

काडतूस चांगलं आहे की नाही हे कळायचा खात्रीचा मार्ग एकच, ते उडवून पाहायचं. आणि एकदा उडवलं की ते उरत नाही. बहारीनला जाण्याआधी पुण्याजवळच्या एका सरकारी कारखान्यात माझी उमेदीची वर्षं या पेचावर पोट भरण्यात गेली. मी तपासणी खात्यात होतो. प्रत्येक लॉटमधली थोडी काडतुसं आम्ही बाजूला काढायचो आणि उडवून बघायचो. ती नीट उडाली की बाकीच्यांच्या पेटीवर शिक्का. म्हणजे जी काडतुसं शेवटी जवानाच्या हातात पडायची ती कुणीच उडवून पाहिलेली नसायची, त्यांच्या भावंडांनी जळून त्यांच्याबद्दल साक्ष दिलेली असायची. लग्नानंतर हे मी बायकोला मोठ्या कौतुकाने समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमचा सगळा कारभार अंदाजपंचे." त्यानंतर मी तिच्याशी खात्याबद्दल बोलणं सोडून दिलं.

स्वभाव मात्र त्या खात्याने दिला तो कायमचा. खुसपट काढायचं. भाजीतलं मीठ, शेजाऱ्याच्या भिंतीचा ओळंबा, जावयाच्या भांगाची रेघ, मला सगळ्यात आधी दोष दिसतो. बहारीनमध्ये एका कंत्राटदार कंपनीत मी स्टोअरकीपर झालो तेव्हा हा स्वभाव कामाला आला. माणसं जोडायला तो काही उपयोगाचा नव्हता.

राहायला कंपनीने उम्म अल हस्सममध्ये फ्लॅट दिला होता, एका खोलीत दोघं. माझ्या खोलीतला सोबती वसईचा, ख्रिस्ती, हॉटेलात कामाला. त्याची शिफ्ट संपायची तेव्हा माझी सुरू व्हायची. आम्ही एकमेकांना जास्त करून झोपलेलेच पाहिले. माझ्या ग्रेडला फॅमिली व्हिसा नव्हता, त्यामुळे बायको आणि मुलगी पुण्यात. मुलीचं वाढणं मी दोन वर्षांतून एकदा, सुट्टीवर गेलो की पाहायचो. प्रत्येक वेळी ती थोडी उंच झालेली असायची आणि पहिले चार दिवस मला 'अहो' म्हणायची.

शुक्रवार हा सुट्टीचा वार, आणि मला आठवड्यातला सगळ्यात नकोसा. बाकीचे दिवस अरादच्या बाजूच्या यार्डात पाइप, बोल्ट, केबल मोजण्यात निघून जात. शुक्रवारी मोजायला काही नसे. सोबती झोपलेला, पंखा चालू, खाली दुकानं दुपारपर्यंत बंद. मी सकाळीच दोनदा चहा करायचो. दुसरा कप प्यायची इच्छा नसायची, पण करण्यात वेळ जायचा.

त्या शुक्रवारांतून मला बाहेर काढलं ते आमच्या वर्कशॉपच्या साहेबाने. साहेब इंग्रज, पन्नाशी ओलांडलेला, लांब हाडांचा, कमी बोलणारा. बायको त्याला सोडून गेली होती असं यार्डात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. माहूजमध्ये, वस्ती संपते तिथे, त्याचं बैठं घर होतं. मागे अंगण, अंगणाला भिंत, भिंतीला लोखंडी फाटक. एकदा तो स्टोअरमध्ये पितळी पत्रा मागायला आला. कशाला हवा म्हणून मी खोदून खोदून विचारलं, कारण उपयोग कळल्याशिवाय मी कुणालाच काही देत नसे. तेव्हा त्याने सांगितलं की तो छर्ऱ्याच्या बंदुकीची काडतुसं घरी स्वतः भरतो आणि त्याच्या यंत्राचा एक भाग झिजलाय. मी त्याला माझं जुनं खातं सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पूना, शुक्रवारी ये." त्या दिवसापासून त्याच्यासाठी माझं नाव पूना.

त्याच्या गॅरेजमध्ये एका जाड लाकडी बाकावर हाताने दाबायचं यंत्र बसवलेलं होतं. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्या तो वाळूतून वेचून आणायचा, पुसायचा, त्यांत ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू, नवे छर्रे भरायचा आणि तोंड मिटवायचा. नळीवर छापलेलं नाव मूळ कारखान्याचंच, आतलं सगळं याच्या हातचं. परवानगी असलेल्या दक्षिणेकडच्या उजाड जागी जाऊन तो मातीच्या तबकड्या हवेत उडवून त्या टिपायचा. मी तबकड्या फेकायचं काम करायचो. बंदूक मी कधी हातात घेतली नाही. मला उडवण्यात रस नव्हता, भरण्यात होता. त्याच्या हाताखाली बसून मी एकेक काडतूस उजेडात फिरवून पाहायचो आणि न आवडलेलं बाजूला ठेवायचो. तो ते मुकाट्याने परत उघडायचा. इतक्या वर्षांत माझ्या खुसपटांना कुणी एवढा मान दिला नव्हता.

तबकडी जवळून उडते तेव्हा छर्रे लवकर पसरलेले बरे. त्यासाठी साहेब छर्ऱ्यांच्या मध्ये पुठ्ठ्याची फुली बसवायचा. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या एकमेकींत खाचून केलेली ही फुली छर्ऱ्यांचे चार कप्पे करते, मग नळीतून बाहेर पडताच ते चहूकडे सुटतात. त्याला हवा तसा पुठ्ठा मिळेना. जाड असला तर अडतो, पातळ असला तर चुरगळतो. मी एकदा खिशातून लग्नपत्रिका काढून दिली. त्याने ती वाकवून पाहिली आणि म्हणाला, "असा आणखी आहे?"

असा माझ्याकडे ढीग होता. देशातून पत्रिका येतच असत. चुलत, मावस, आते, शेजारचे, कारखान्यातले. बहुतेक लग्न होऊन गेल्यावर पोहोचायच्या. ठेवून काय करायचं आणि फेकायची कशी, म्हणून ट्रंकेत पडलेल्या. वरचा गणपतीचा भाग मी कापून वेगळा ठेवायचो, तो बंदुकीत घालायची माझी छाती नव्हती. खालचा भाग, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, आपले नम्र, हे सगळं पट्ट्या होऊन काडतुसात जायचं. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिकाही मी दिली. त्या लग्नाला मला रजा मिळाली नव्हती. पत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यात, आपल्याकडे छापतात तसं, घरातल्या मुलांच्या नावाने लाडिक ओळ होती, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं", आणि त्याखाली पहिलं नाव माझ्या मुलीचं. ती पत्रिका उशाशी ठेवून रोज वाचण्यापेक्षा तिच्या फुल्या झालेल्या बऱ्या, असं मला वाटलं. थोडा रागही होता, कुणावर ते नक्की सांगता येत नाही.

आमचं एकच भांडण होतं, आणि ते आम्ही अधूनमधून नव्याने करायचो. शेजारच्या घरात चोरी झाल्यापासून साहेब घरातही बंदूक हाताशी ठेवायला लागला होता. बंदूक घरी ठेवायचा परवाना त्याच्याकडे होता. माझं म्हणणं, तबकड्यांसाठी हातची काडतुसं ठीक, पण घराच्या रक्षणासाठी कारखान्याचीच हवीत.

"का?" तो विचारायचा. "माझ्या हातचं एकही काडतूस आजवर फुसकं निघालेलं नाही. कारखान्यात सोमवारी सकाळी डुलक्या घेत कुणीतरी बाई बसलेली असते, तिच्यावर मी जीव टाकू?"

यावर माझं डोकं फिरायचं. आमच्या खात्यातल्या बायका डोळ्यांत तेल घालून काम करायच्या. एकीने केसाएवढी चीर पाहून अख्खा लॉट अडवला होता आणि वरच्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, पण हटली नव्हती. ते मी त्याला तावातावाने सांगितलं. मग म्हणालो, "साहेब, फुसकं निघायचा प्रश्नच नाही. तबकडी तक्रार करत नाही. माणसावर गोळी झाडली तर दुसऱ्या दिवशी पोलीस येतील आणि विचारतील, काय झाडलंस. कारखान्याचं असेल तर त्याच पेटीतलं दुसरं उडवून बघता येतं. पेटीवर लॉट नंबर असतो, कुणीतरी जबाबदार असतो. हातचं असेल तर जे होतं ते उडून गेलं. मग उरतो फक्त तुमचा शब्द."

"माझा शब्द पुरेसा आहे," तो म्हणाला.

"तुमच्या देशात असेल."

तो रागावला नाही. पुढच्या शुक्रवारी त्याने कारखान्याच्या काडतुसांची कोरी पेटी आणून माझ्यासमोर झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवली आणि मला विचारलं, "तपासणी खातं खूश?" मी खूश झालो होतो. परदेशात कुणीतरी आपलं ऐकतं ही गोष्ट माणसाला फार दिवस पुरते.

पण पेटी राहिली कपाटात. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं, त्या उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी आम्ही सकाळीच तबकड्या उडवून परतलो. साहेबाने मला उम्म अल हस्समला सोडलं आणि घरी जाऊन बंदूक साफ करायला स्वयंपाकघराच्या टेबलावर घेतली. दुपारी माहूजमध्ये चिटपाखरू नसतं. बंदूक पुसून होते न होते तोच मागच्या अंगणात एक माणूस उतरला, हातात लोखंडी कांब. जवळच्या बांधकामावरून काढून टाकलेला होता असं पुढे कळलं. तो दारापर्यंत आला. साहेबाचं जाकीट दारामागच्या खुंटीला होतं, खिशात सकाळची उरलेली दोन काडतुसं. कपाटापर्यंत जायला कोण थांबतो? त्याने तीच भरली आणि दारातून खाली, पायांच्या रोखाने बार काढला. माणूस फाटकापर्यंत खुरडत गेला आणि तिथे पडला. तो वाचला. पण दोन्ही पायांत छर्रे, आणि एक पाय पुढे नीट वळेना.

हे सगळं मला शनिवारी यार्डात कळलं, तेही अर्धवट. पूर्ण कळायला आणखी दोन-तीन दिवस गेले. जखमी माणूस म्हणत होता, मी पळत होतो, फाटकाशी पोचलो होतो, तेव्हा यांनी लांबून मारलं. साहेब म्हणत होता, तो माझ्या दारात होता, दोन हातांवर. पोलिसांनी कपाटातली पेटी नेली. त्याच बंदुकीने त्या पेटीतली काडतुसं कागदावर झाडून पाहिली. दारातल्या अंतरावरून कागदाला मुठीएवढं एकच भोक पडलं. त्या माणसाच्या पायांवरचे छर्रे मात्र चांगले पसरलेले, एवढं पसरायला फाटकाइतकं अंतर लागतं. बंदुकीतून निघालेल्या नळीवर नाव तेच जे पेटीवर होतं. हिशोब सरळ होता. साहेब खोटं बोलतोय, त्याने पळणाऱ्या माणसावर गोळी घातली.

ते काडतूस फुलीचं होतं हे जगात दोन माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक बोलत नव्हता.

मी संध्याकाळी माहूजला गेलो. साहेबाचा पासपोर्ट घेतला होता, त्याला घरी राहू दिलं होतं, फाटकावर एक शिपाई होता. साहेब स्वयंपाकघरात बसला होता. टेबल स्वच्छ पुसलेलं. मी उभ्या उभ्याच विचारलं, "तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू?"

"काडतूस घरी भरलेलं होतं म्हणून. फुलीचं होतं म्हणून."

"घरी भरायचा परवाना नाही," तो म्हणाला. "विकत घ्यायचा आहे. भरायचा नाही. सांगितलं की विचारतील, सोबत कोण होतं."

पोलिसांनी गॅरेज अजून उघडलं नव्हतं. गॅरेजमध्ये माझ्या पट्ट्या होत्या, माझी कात्री होती, बाकावर मराठी अक्षरं सांडलेली होती.

"तुला मुलगी आहे, पूना," तो म्हणाला. "तू यात नव्हतास. फार तर वर्षभर आत ठेवतील. मग मी परत इथेच येईन. घर कुठे पळून जातंय?"

मला तो उसना आव वाटला. मी त्याला चहा करून दिला. त्याच्या साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्यात असं सांगितलं.

खोलीवर आलो तर सोबत्याची त्या दिवशी सुट्टी होती, तो जागा होता. मी त्याला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत आमचं एवढं लांब बोलणं पहिल्यांदाच होत होतं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, तू वेडा आहेस काय? तो गोरा आहे, त्याची एम्बसी आहे, कंपनी आहे. तुझं कोण आहे? तू तोंड उघडलंस तर व्हिसा कॅन्सल, खलास. पोरीचं कॉलेज कोण करणार?"

"तो माझ्यासाठी आत जातोय."

"जाऊ दे ना. त्याला हौस आहे."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. माझ्या पगारावर पुण्यात तीन घरं टेकलेली होती. पण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. हा माणूस प्रत्येक काडतूस 'तू तपास' म्हणून माझ्या हातात द्यायचा, आणि आता त्याचाच शब्द खोटा ठरत होता, तोही मी सांगितलेल्या कारणाने. माझं म्हणणं खरं ठरल्याचा मला असा संताप पुन्हा कधी आला नाही. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. तो आत गेला तर माझे शुक्रवार परत मोकळे होणार होते.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी पोलिसांत गेलो. अधिकारी बहारीनी, माझ्याच वयाचा, शांत. मी इंग्रजीत सुरुवात केली तर त्याने हिंदीतच उत्तर दिलं, आणि हिंदी चक्क मुंबईचं. त्याचे वडील मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला असायचे आणि लहानपणी तोही तिकडे राहिला होता.

मी सगळं सांगितलं. फुली कशी करतात तेही. त्याने मध्ये अडवलं नाही. मग म्हणाला, "साहब ने तो तेरा नाम नहीं लिया."

"मालूम है. इसी लिए आया."

गॅरेजमधलं यंत्र त्यांनी आणवलं. ट्रंकेतली एक पत्रिका मी सोबत नेलीच होती. त्यांच्या डोळ्यांदेखत मी फुलीची काडतुसं भरली. त्यातलंही एक मनासारखं झालं नाही म्हणून बाजूला ठेवलं, सवय जात नाही. शिपायाने ती मागच्या मैदानात दारातल्या अंतरावरून कागदावर झाडली. कागद चाळणीसारखा झाला, छर्रे पसरलेले, त्या माणसाच्या पायांवर पसरले होते तसेच.

अधिकाऱ्याने कागद बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे वळून त्याने नेमका तोच प्रश्न विचारला, जो मी साहेबाला इतक्या वेळा ऐकवला होता. "ये तूने आज बनाया. उस दिन वाला भी ऐसा ही था, ये मैं कैसे मानूँ?"

"मानायला आधार काहीच नाही," मी म्हणालो. हिंदी सुटलं होतं आणि माझ्या तोंडून मराठी बाहेर पडत होतं. मग परत हिंदीत सांगितलं की ते काडतूस आता जगात नाही, आहे तो फक्त माझा शब्द.

तो उठला. कपाटातून त्याने एक लिफाफा आणला आणि टेबलावर पालथा केला. अंगणातून गोळा केलेल्या गोष्टी होत्या, थोडे छर्रे, एक बटण, सिगारेटचं थोटूक, आणि काळपटलेला पुठ्ठ्याचा बोटाएवढा तुकडा. कचरा म्हणून नोंदवलेला. तुकड्याच्या कडेला खाच होती आणि मधोमध लाल शाईत अक्षरं. त्याने तो माझ्यापुढे सरकवला. "पढ़."

मी वाचलं. "यायचं हं." खाली माझ्या मुलीच्या नावाची पहिली दोन अक्षरं.

"मतलब?"

"आना ज़रूर."

"किसने लिखा?"

"मेरी बेटी ने. मतलब, उसके नाम से छपा है. मेरे भाई की शादी थी."

"गया था?"

"नहीं."

त्याने ते काही लिहून घेतलं नाही. तुकडा उचलून परत लिफाफ्यात ठेवला, फार सांभाळून ठेवला. मग शिपायाला चहा सांगितला आणि लहानपणी तो मुंबईत कुठे राहायचा ते मला सांगत बसला. मी खुर्चीत बसून रडलो. लाज वाटली, पण थांबवता येईना. इतक्या वर्षांत मी बहारीनमध्ये रडलो नव्हतो आणि शेवटी रडलो तो पोलिसांत.

त्या तुकड्याने साहेबाचा शब्द खरा ठरला. माणूस दारात होता, कांब हातात होती, बार पायांवर काढला होता, हे सगळं मान्य झालं. गोळीबाराचं बालंट टळलं. पण घरी दारूगोळा भरल्याचं राहिलं. बंदूक आणि यंत्र जप्त झालं आणि कंपनीला सांगण्यात आलं की या माणसाला लवकरात लवकर विमानात बसवा. मला त्या अधिकाऱ्याने बोलावून तंबी दिली, पुन्हा अशा भानगडीत दिसलास तर तूही त्याच विमानात. कंपनीने मला ठेवलं. स्टोअरमध्ये कुठला बोल्ट कुठे आहे हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, एवढंच कारण असावं.

सोबती म्हणाला, "चला, तुझ्या गोऱ्याचं नशीब. जेलच्या ऐवजी घर मिळालं." मलाही अगदी तसंच वाटत होतं. आम्ही सगळे तिथे घरी जायचे दिवस मोजत जगत होतो. फुकटचं तिकीट, कायमचं घर, यापेक्षा चांगली शिक्षा मला सुचली नसती. मी मनातल्या मनात थोडा फुशारलोही होतो. खरं बोललो, नोकरी राखली, साहेबाला सोडवला आणि वर घरीही पोचवला.

निघायच्या दिवशी कंपनीची गाडी त्याला मुहर्रकच्या विमानतळावर सोडणार होती. मी यार्डातून परवानगी काढून गेलो. वाटेत सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, थांबून खजुराचा चांगला डबा घेतला, बदाम भरलेला, वर सोनेरी कागद. आमच्यात कुणीही देशात निघालं की बाकीचे असं काहीतरी त्याच्या हातात देतात, घरच्यांसाठी म्हणून. रिकाम्या हाताने कुणी घरी जात नाही.

साहेब एकाच सुटकेसजवळ उभा होता. कोट घातलेला, त्यामुळे म्हातारा दिसत होता. मला पाहून त्याने मान हलवली, पण हसला नाही. मला वाटलं, बंदुकीचं दुःख असेल. म्हणून मी त्याला बरं वाटावं असं बोलायला लागलो. तिकडे आता हवा छान असेल. आपल्या माणसांत जाल. इथे काय, घाम आणि वाळू. मी इतका सलग त्याच्याशी कधी बोललो नव्हतो.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी तुला सांगितलं होतं, तू यात नव्हतास."

"मी गप्प बसलो असतो तर तुम्ही आत गेला असता."

"वर्षभर," तो म्हणाला. "आणि मग माहूजला परत आलो असतो. मी तिकडून निघालो त्याला वीस वर्षं झाली, पूना. तिकडे माझ्या नावाचं दारसुद्धा नाही."

इतक्या वर्षांत मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं की याची सुट्टी कधी असते, हा कुठे जातो. आम्हाला माणूस एकटा दिसला तरी त्याच्यामागे कुठेतरी आई, बहीण, मामा, कुणीतरी चुलीपाशी वाट पाहत असणारच असं आम्ही धरूनच चालतो. मी खरं बोललो याचं मला वाईट वाटत नाही, आजही नाही. त्याला खोटा ठरू देणं मला जमलं नसतं. पण त्या दिवशी विमानतळावर उभं राहून मला इतकं एकटं वाटलं की तसं उम्म अल हस्सममधल्या कुठल्याच शुक्रवारी वाटलं नव्हतं.

त्याचं विमान पुकारलं. हातात डबा तसाच राहिला होता, म्हणून मी तो पुढे केला आणि सवयीने म्हणालो, "घरच्यांसाठी."

त्याने डबा घेतला. सोनेरी कागदावरून अंगठा फिरवला, काडतूस तपासताना फिरवायचा तसा, आणि माझ्याकडे पाहिलं.

"कुणाला देऊ?" त्याने विचारलं. चेष्टेने नाही, खरंच विचारलं, आणि उत्तरासाठी थांबला.